आंदणात गेलेली डिस्क

इतेल्गीसायच्या तालुका दवाखान्यात बुरुलचाला सगळे फोटोवाली म्हणत. फोटो म्हणजे लग्नाकार्यातले नव्हेत. छातीचे, गुडघ्याचे, मोडलेल्या खुब्याचे. घोड्यावरून पडलेला गुराखी असो की खोकून बेजार झालेली म्हातारी, मशीनपुढं उभं राहून निघालेला त्यांचा फोटो पुढं जन्मभर जपायचा तो बुरुलचानं. सत्तावीस वर्षं हेच काम. त्यातली पहिली एकवीस काळ्या खोलीत गेली. तांबड्या दिव्याखाली फिल्म औषधाच्या पाण्यात बुडवायची, हलवायची, दोरीवर वाळत घालायची. त्या पाण्यानं उजव्या हाताची नखं जी पिवळी पडली ती पडलीच. नणंद अजून विचारायची, चोरून तंबाखू मळतेस का गं.

मग सहा वर्षांमागं नवं मशीन आलं आणि फिल्म गेली. फोटो निघाला की सरळ कॉम्प्युटरात. जुन्या फिल्मांचे गठ्ठे लोकांनी घरी नेले आणि कोंबड्यांच्या खुराड्यांना काचेच्या जागी लावले. अजूनही गावातनं चाललं की कुणाच्या तरी खुराड्यात कुणाच्या तरी बरगड्या उन्हानं उजळलेल्या दिसतात.

कॉम्प्युटरचं धूड कपाटाएवढं. ते तळघरात बसवलं. तिथं गारवा, दाराला लोखंडी कडी, आणि फिल्मा पूर्वीपासून तिथंच असायच्या, म्हणून कुणाला दुसरं काही सुचलंच नाही. बसवायला शहरातनं आलेल्या माणसानं बुरुलचाच्या हातात दोन डिस्क ठेवल्या, साबणाच्या वडीएवढ्या.

"एजे," तो म्हणाला, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं, "एक मशीनला लावलेली, एक दवाखान्याच्या बाहेर. दर शुक्रवारी अदलाबदल. आणि बदलताना पाच-दहा फोटो उघडून बघायचे, नीट उघडतात का. दवाखाना जळून खाक झाला तरी माणसांचे फोटो जळता कामा नयेत."

बुरुलचानं ते उपासासारखं पाळलं. शुक्रवारी चारच्या ठोक्याला डिस्क काढायची, लोकरीच्या मोज्यात घालायची, घरी न्यायची, आणि दारासमोरच्या भिंतीशी गाद्यांची जी चवड असते तिच्यात, तिसऱ्या आणि चौथ्या गादीच्या मध्ये सरकवायची. तिच्या आईनं जमिनीचे कागद तिथंच ठेवले, आजीनं चांदीची कर्णफुलं. तिथं ओल नाही, उंदीर नाही, धक्का नाही. शहरातल्या माणसाला हे सांगितलं असतं तर तोही नाही म्हणाला नसता.

आणि फोटो उघडून बघायचे तर त्यात एक फोटो ती नेहमी घ्यायची. सालकिनच्या मनगटाचा. नवं मशीन आलं त्याच आठवड्यात लेक बर्फावर घसरून पडली होती, पंधरा वर्षांची. मनगटातली बारीक आठ हाडं, दाण्यांच्या मुठीसारखी, आणि खाली चिरलेलं मोठं हाड. ते उघडलं की डिस्क धड आहे असं समजायचं. नवरा जाऊन तेव्हा तीन वर्षं झालेली. घरात ही आणि ती, दोघीच.

मग एका सप्टेंबरात सालकिनचं लग्न झालं. पोरगा खिंडीपलीकडचा, उचकायिन गावचा, विजेचं काम करणारा. पोरानं आणि पोरीनं परस्परच ठरवलेलं. त्यात वाकडं काही नव्हतं. वाकडं झालं ते मांसाच्या ताटात. विहिणीच्या मानाचा मेंढीच्या मागचा चरबीचा तुकडा विहिणीच्या, म्हणजे काकिशबाईच्या, ताटात पडायला हवा. मांस वाढणाऱ्यानं बुरुलचाच्या मावशीच्या डोक्यावरचा, म्हाताऱ्या बाया बांधतात तो पांढरा फेटा बघितला आणि तीच विहीण समजून तुकडा तिच्यापुढं ठेवला. काकिशबाईच्या वाट्याला फासळी आली. तिनं ती खाल्ली, हात पुसले आणि घरी जाईपर्यंत कुणाशी बोलली नाही.

बुरुलचा तेव्हा मोठ्या कढईपाशी होती. त्याच वेळी घरात नणंद, जिपार तिचं नाव, लेकीचं आंदण गाडीत चढवत होती. आंदण म्हणजे मुख्य गाद्या. गाद्यांची चवड किती उंच त्यावर आईबापाची पत.

पाव्हणे गेले, भांडी घासून झाली. शुक्रवार आला. बुरुलचा मोज्यात डिस्क घालून घरी आली आणि भिंतीपाशी गेली, तर तिथं भिंतच होती. चवड नव्हती.

"जिपार, माझ्या गाद्या कुठं हायेत?"

"गेल्या की गाडीत. सालकिनची चवड बुटकी दिसत व्हती. त्या काकिशबाईचं नाक बगितलंस का तू? म्हनलं, जाऊ दे तिच्या नाकाच्या वर."

"अगं, माझ्या अंगाखालच्या गाद्या."

"तुला काय, तू नव्या भरशील. मेंढरं काय मेलीत व्हय?"

बुरुलचा उघड्या लोकरी नमद्यावर बसली. गाद्यांचं तिला काही नव्हतं. पण दुसरी डिस्क त्यात होती. तालुक्यातल्या सहा हजार माणसांची हाडं आणि फुप्फुसं नवऱ्यामुलीच्या गाडीत बसून खिंडीपलीकडं गेली होती.

आता ती परत कशी मागायची? आंदणात दिलेलं परत मागायचं नसतं, सुईसुद्धा. शिवाय मागायची तर सांगावं लागणार की चवडीतल्या गाद्या आईच्या वापरातल्या होत्या, उंची वाढवायला घुसडलेल्या. आधीच फासळी खाल्लेली विहीण. आणि विहिणीच्या घरी तिनं बोलावल्याशिवाय जाता येत नाही. आणि ती बोलवीना. दवाखान्यात नवी डिस्क मागावी तर अर्जात लिहावं लागणार, जुनी कुठं आहे ते.

तिनं काही केलं नाही. राहिलेली एक डिस्क घरी नेली तर मशीन उघडं; मशीनला लावून ठेवली तर घर रिकामं. तिनं घर रिकामं ठेवलं.

फोन व्हायचे. पण विहीण शेजारी बसलेली असायची, हे सालकिनच्या आवाजावरनंच कळायचं. गाय व्याली का, पाणी गोठलं का, गुडघा कसा आहे. आईला ती अपा म्हणायची; 'अपा, तू जेवलीस का,' एवढं विचारून पोरगी ठेवून द्यायची. शुक्रवारी चार वाजता बुरुलचा तळघरात उतरायची, मनगटाचा फोटो उघडायची आणि जरा जास्तच वेळ उघडा ठेवायची. ह्या फोटोतलं मनगट अजून इथलं होतं. तिकडं जे भाकऱ्या थापत होतं, त्याचं ती काही बघू शकत नव्हती.

असे अकरा महिने गेले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वर डोंगरात पाऊस झाला. गावात थेंब नाही, आभाळ निळं. दुपारी नदीचा आवाज बदलला, दगडांवर दगड आपटल्यासारखा, आणि मग डोंगरच खाली आला. चिखल, दगडगोटे, मुळांसकट झाडं. दवाखान्यातली माणसं वरच्या मजल्यावर होती, ती वाचली. तळघर खिडकीपर्यंत भरलं. तीन दिवस फावड्यांनी उपसल्यावर कॉम्प्युटरचं धूड निघालं, आणि त्याला चिकटून बसलेली डिस्क, चिखलात भाजलेल्या विटेसारखी. शहरातनं माणूस आला, त्यानं ती कानाशी धरून हलवली, आतनं वाळू वाजली. तो ती खाली ठेवून चहा प्यायला गेला.

एक्स-रेचं मशीन वर होतं, ते शाबूत राहिलं. छोटा कॉम्प्युटर जोडून फोटो काढणं चालू झालं. आणि चौथ्या दिवशी मूसाकुल आला.

मूसाकुल खिंडीच्या रस्त्यावर सव्वीस वर्षं गाडी चालवायचा, माणसांची चौदा आसनांची गाडी. खोकला महिनाभर हटेना म्हणून आलेला. डॉक्टर एलामाननं फोटो बघितला. पोरगेलासा माणूस, पण बघताना घाई करायचा नाही. त्यानं उजव्या फुप्फुसावर पेन्सिलीचं टोक ठेवलं.

"हा डाग. जर्दाळूच्या बीएवढा आहे. बाइके," तो म्हणाला, थोरल्या भावाला म्हणावं तसं, "यापूर्वी कधी छातीचा फोटो काढला होता?"

"काढलाय की. तीन वर्सांमागं, लायसनच्या वेळी. तवा कुनी कायबी बोललं न्हाई."

"तेव्हा इथं छातीचा डॉक्टर नव्हता. क्षयाची खूण नाही एवढंच बघून सही केली असेल." एलामान खुर्चीवर मागं टेकला. "तो फोटो मिळाला आणि त्यातही डाग एवढाच असला, तर जुन्या दुखण्याचा वण म्हणून सोडून देता येईल. नसला, तर राजधानीला जावं लागेल. मोठ्या मशीनमध्ये घालतील, आणि शंका राहिली तर छाती उघडून तुकडा काढतील. तोवर गाडी चालवायची नाही."

"उघडल्यावर परत गाडीवर बसवत्यात का?"

"ते आत्ता नाही सांगता येत."

मूसाकुल दाराशी उभ्या असलेल्या बुरुलचाकडं वळला. "फोटोवाली, काढ की माझा फोटो. मी तवा म्हनलं व्हतं, एक माझ्यापाशी दे. तू म्हनलीस, घरी हरवशील, माझ्यापाशी ऱ्हाईल जपून."

म्हणाली होती खरी. बुरुलचानं पिवळ्या नखांचा हात, पदरात घ्यावा तसा, डोक्याच्या रुमालाच्या टोकात गुंडाळला आणि दोघांच्या मध्ये कुठंतरी बघत म्हणाली, "डिस्क हाय. दुसरी. पण ती आंदनात गेलीया."

एलामानला दोनदा सांगावं लागलं. तो चिडला नाही, हेच वाईट. "अकरा महिने तुम्हांला माहीत होतं, एजे?"

"व्हय."

"पुरात बुडाली असती अशी एकच प्रत आपल्याकडं आहे, हेही माहीत होतं?"

"व्हय, डॉक्टर."

मूसाकुलला खोकल्याची उबळ आली, का हसू आलं, कळेना. "उद्या सकाळी सातला गाडीपाशी ये," तो म्हणाला. "उद्या गाडी चालवायचीच हाय, डॉक्टरचा कायदा परवापासनं पाळतो."

सकाळी बुरुलचा आली ती रोट्या, तळलेल्या पिठाच्या बोरसोकांचं गाठोडं आणि विहिणीसाठी नवा रुमाल घेऊन. चेहरा असा की मूसाकुलनं पहिल्या वळणावरच टोकलं, "तू कशाला अशी? छाती माझी उघडायचीया."

"मूसाकुल, बोलावल्याबिगर गेलंय का रं कुनी?"

"गेल्यात की. मेल्याचा निरोप घिऊन."

कोकबेल खिंडीत वर जुना बर्फ होता, मळलेला. पलीकडं उतरलं की गवत वेगळं, पिवळट, आणि वारा डाव्या हातानं येतो. एवढ्या वर्षांत बुरुलचा इकडं कधी आली नव्हती. ज्या वाऱ्यात लेक कपडे वाळत घालते तो हा वारा, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं खिडकीची काच खाली केली. मूसाकुल म्हणाला, छातीला बाधतो. तिनं ती पुन्हा वर केली.

काकिशबाई अंगणात फळीवर दह्याच्या आंबट गोळ्या वाळत घालत होती. तिनं वर बघितलं, पण हात पुसले नाहीत.

"कोन मेलं?"

"कुनी न्हाई, विहीनबाई."

"मग सांगावा कुनी धाडला?"

"कुनी न्हाई."

"असं." काकिशबाईनं हातातली गोळी नीट रांगेत ठेवली. "या मग. कुत्रं बांधलेलं हाय."

घरात गेल्या गेल्या समोरच चवड होती. सालकिनच्या नव्या रेशमी अस्तराच्या गाद्या खाली, आणि वर, छतापासून हातभर अंतरावर, बुरुलचाच्या जुन्या. त्यांच्यावर कशिद्याची चादर ओढलेली. बुरुलचानं नजर खाली घेतली.

सालकिन चहा घेऊन आली. डोक्याला सुनेचा रुमाल, गालांवर उन्हाचे काळसर डाग. ती आईपुढं झुकली, रीतीप्रमाणं, परक्या पाहुण्यापुढं झुकावं तेवढीच, आणि चहाच्या समोवाराशी बसली. चहाची वाटी अर्धी भरायची; अर्धी भरली की पाहुण्यानं बसावं, काठोकाठ भरली की उठावं. सालकिन सगळ्यांच्या वाट्या अर्ध्या भरत होती, आणि आईची जेमतेम तळ झाकेल इतकी. बुरुलचा एक घोट घेई, वाटी पुढं करी. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या. वाटी नुसती जात-येत होती.

"लग्नात माझ्या ताटात काय पडलं व्हतं, आठवतंय का विहीनबाई?" काकिशबाईनं सुरू केलं.

"आठवतंय. मी कढईपाशी व्हते. मांसाचं ताट वाढनाऱ्यानं आमच्या मावशीकडं बगितलं."

"मावशीला दात तरी हायेत का?"

"दोन."

"दोन दातांनी माझा मान खाल्ला." काकिशबाईनं वाटी खाली ठेवली. "आन् अकरा महिन्यांनी तुमाला आठवन झाली."

बुरुलचानं गाठोडं सोडलं, रुमाल पुढं सरकवला, गवताबद्दल विचारलं, गुरांबद्दल विचारलं. मूसाकुलनं दोन वाट्या तग धरला.

"बायांनो," तो म्हणाला, "मला उजेडात खिंड उतरायचीया. ही बाई गवताचं बोलंल तर सांज हुईल, म्हनून मी सांगतो. माझ्या छातीत डाग निघालाय. जुना हाय का नवा ते ज्या डबीत हाय ती डबी तुमच्या त्या चवडीत हाय. ह्या बाईच्या सवताच्या गाद्यांत. त्या चुकून आंदनात आल्या. झालं. आता भांडा."

काकिशबाईनं चवडीकडं बघितलं, मग बुरुलचाकडं.

"म्हंजे तुमच्या गाद्या माझ्या घरात हायेत."

"चार."

"पाच," काकिशबाई म्हणाली. "वापरलेल्या पाच हायेत."

"पाचवी नंदंची आसंल."

"मी पयल्याच दिशी वळखलं. लोकर दबून कुशीचा खळगा पडलेला. नवी गादी अशी असती व्हय?"

"मग बोलला न्हाई ते?"

"कुनाला बोलू? शेजारनी दारात उभ्या, चवड केवढी उंच, चवड केवढी उंच. मी काय सांगू, सुनंच्या आईनं अंगाखालचं काढून दिलंय म्हनून? तुमच्या नाकासंगं माझंबी जात व्हतं." तिनं पुन्हा वाटी उचलली. "आंदन परत जात न्हाई, विहीनबाई. पन लोकांची फुप्फुसं काय आंदनात मोडत न्हाईत. काढा तुमची डबी."

बुरुलचा उठली. मूसाकुल चादर ओढायला गेला. तेव्हा सालकिन पहिल्यांदा बोलली.

"तिथं न्हाई ती."

ती आतल्या खोलीत गेली, आपल्या पेटीतनं काढून घेऊन आली. तोच लोकरीचा मोजा, वर आणखी एक फडकं बांधलेलं.

"कवा घावली तुला?" बुरुलचानं विचारलं.

"दुसऱ्या दिशी. उन्हं दाखवाया गाद्या काढल्या तवा."

"फोनवर बोलली असतीस एक शब्द."

सालकिननं डिस्क आईच्या हातात दिली नाही, जेवणाच्या दस्तरखानावर ठेवली, रोटीशेजारी. "म्हनलं, शुक्रवारी लागंलच तुला. येशील. पयल्या शुक्रवारी मी वढ्यापातूर जाऊन उभी ऱ्हायले. दुसऱ्याबी. मग म्हनलं खिंडीत बर्फ पडला आसंल. बर्फ गेल्यावरबी जाऊन आले येकदा." जरा थांबून ती म्हणाली, "माझ्यासाठी नको, ह्या डबीसाठी तरी येशील."

बुरुलचाला सांगता आलं असतं की ठाऊक नव्हतं. सासूसमोर लेकीची तेवढी लाज राहिली असती.

"मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "पयल्याच शुक्रवारी कळलं, कुठं गेली ते."

"मग?"

"नाक."

"कुनाचं?"

"माझंच. दुसरं कुनाचं?"

काकिशबाई एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. "माझ्या घरात अकरा महिने पोरगी वढ्याला जातीया आन् मला वाटतंय पान्याला जातीया," ती म्हणाली. मग उठून मांस उकळायला टाकते म्हणाली. मूसाकुल म्हणाला, नको, मांस शिजायला दोन तास आणि खिंड पाच तासांची. काकिशबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वाळलेल्या गोळ्या त्याच्या खिशात भरल्या.

सालकिन गाडीपर्यंत आली. तिच्या डाव्या हातात आईची बाही, बोटं आईच्या मनगटाच्या वर घट्ट.

"रातीला ऱ्हा की."

"त्याची छाती वाट बगतीया."

"मग परत कवा?"

मूसाकुलनं गाडी चालू केली. न बोलावता एकदा येणं झालं. तसं दुसऱ्यांदा येता येत नाही. बुरुलचा गाडीत चढली, मांडीवर डिस्क घेऊन. ओढा ओलांडेपर्यंत तिनं मागं बघितलं नाही. ओढ्यापाशी बघितलं, तर सालकिन तिथवर चालत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलामाननं डिस्क जोडली. ती आधी गप्प राहिली. मग आत काहीतरी बारीक फिरायला लागलं, आणि पडद्यावर नावं उतरू लागली, वरून खाली, थांबेचनात. मूसाकुल टोपी हातात घेऊन भिंतीशी उभा. बुरुलचानं त्याचं नाव, बापाचं नाव, साल घातलं. तीन वर्षांपूर्वीची त्याची छाती उघडली. एलामाननं दोन्ही फोटो शेजारी लावले, मोजलं, खुर्ची पुढं ओढली, परत मोजलं.

"तेवढाच आहे," तो म्हणाला. "तिथंच, तेवढाच. कडाही तशाच. वण आहे, बाइके. खोकल्याचं औषध देतो. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा."

मूसाकुल पडद्याजवळ गेला, डागाकडं बघत राहिला. "म्हंजे तीन वर्सं ह्यो गडी माझ्या गाडीत फुकट बसलाय," तो म्हणाला. "न तिकीट, न सलाम." टोपी घातली आणि बाहेर जाऊन बराच वेळ पायरीवर बसला.

सगळं काही मिळालं असं नाही. डिस्कवर लग्नापर्यंतचे फोटो होते, लग्नानंतरचे अकरा महिने चिखलात गेले ते गेलेच. पुढचा महिनाभर बुरुलचा गावोगाव फोन करत होती, या, परत फोटो काढू. काही आले. काहींनी शिव्या घातल्या. एका म्हातारीनं विचारलं, माझा पाय आता नीट झालाय, मोडलेल्याचा फोटो कुठनं आणू?

वर अहवाल पाठवायचा होता. दुसरी प्रत त्या काळात कुठं होती, या रकान्यात बुरुलचानं लिहिलं: लेकीच्या आंदणात. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तो वाचून चष्मा काढला.

"असं कुठं लिहितात का? लिहा, वाहतुकीत अडकली."

"अडकली न्हाई, बाई. मी मागितली न्हाई."

तिला लेखी ताकीद मिळाली. ती तिनं दोन घड्या घालून फाइलीत लावली.

नवा कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर बसला. डिस्क आता तीन आल्या. एलामान म्हणाला, "घरी एक ठेवा, पण तुमचं घरही ह्याच नदीवर आहे, एजे. एक प्रत अशा ठिकाणी हवी, जिथं ही नदी आणि हा डोंगर पोचत नाही. महिन्यातनं एकदा बदलायची. कोरडी जागा पाहिजे आणि भरवशाचं माणूस. डिस्कला मी कुलूप घालून देतो, दुसऱ्याला उघडायची नाही."

"खिंडीपलीकडं चालंल?"

"चालेल. आहे कुणी?"

बुरुलचानं फोन फिरवला आणि या खेपेला लेकीला नाही, काकिशबाईला मागितलं. सगळं ऐकून घेऊन काकिशबाई म्हणाली, "म्हंजे सरकारी दवाखाना माझ्या चवडीत?"

"महिन्यातनं येकदा मला यावं लागंल. बदलाया."

"येताना खाऊन येऊ नका," काकिशबाई म्हणाली. "आन् मागचा तुकडा कुनाच्या ताटात पडतो, ते मी बगून घिईन."

सप्टेंबरात ती गेली, ऑक्टोबरात गेली. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला गेली तेव्हा खिंडीत मूसाकुलनं चाकांना साखळ्या लावल्या, आणि उतरताना म्हणाला, ही शेवटची खेप, आता एप्रिलात. दुसऱ्या दिवशी खिंड बंद झाली.

आता वहीत दर महिन्याला एक रकाना आहे. पलीकडची प्रत बघितली की नाही, कोणी, कधी. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च: चार रकाने बुरुलचानं आधीच आखून ठेवलेत. त्यांत काय लिहायचं तेही ठाऊक आहे. एलामान म्हणाला, एजे, चारी महिन्यांचं एकदमच लिहून टाका, कोण विचारतंय. ती हो म्हणाली. पण महिन्याचा पहिला शुक्रवार आला की चार वाजता वही काढते, पेनाचं टोपण काढते, पुढचे रकाने हातानं झाकते आणि एकाच रकान्यात लिहिते: खिंड बंद.